पाचवीतला शुद्ध गंधार

प प प, आणि मग लांब धरलेला कोमल गंधार. म म म, आणि लांब धरलेला रिषभ. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात आपल्या सरगमात लिहायची तर एवढीच होते. ज्यांनी पाश्चात्त्य संगीत कधी मुद्दाम लावून ऐकलेलं नाही, त्यांच्याही कानावर हे सूर कुठे ना कुठे पडलेले असतात. पण तंबोरा जुळवून मगच तोंड उघडायचं, अशा वळणात वाढलेल्या माणसाला या सुरुवातीतली एक गोष्ट चटकन खटकते. यात षड्जच नाही. तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट तारस्वरात ओरडून काहीतरी सांगतायत आणि सा कुठे आहे ते सांगत नाहीत. कोमल गंधारालाच षड्ज मानलं तर हेच सूर ग ग ग सा, रे रे रे नी असे ऐकू येतात, म्हणजे अगदी मोकळे, प्रसन्न. पुढच्या काही क्षणांत खालचा षड्ज येतो आणि मग कळतं, की नाही, हा सी मायनर आहे, गंधार कोमल आहे आणि घर अंधारात आहे.

शिवाय हे सूर समेवर सुरूही होत नाहीत. कागदावर सगळ्यात आधी लिहिलेली आहे ती एक छोटी विश्रांती. कंडक्टरचा हात खाली येतो तेव्हा आवाज नसतो, त्याच्या पाठोपाठ तीन सूर निसटतात आणि चौथ्यावर सगळे येऊन थांबतात. तबल्याच्या भाषेत तीन सुरांचा मुखडा आणि लांब सुरावर सम. माझी भाची तबला शिकते. तिला हे एवढं सांगितलं आणि तिचे डोळे चमकले. तिनं लगेच मोबाईल काढला, ॲपमध्ये नाव टाकलं, आणि खाली सरकवत सरकवत तिचा अंगठा थांबेचना. "मामा, हे तर संपतच नाही. ह्यातलं कुठलं लावू सांग की!"

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. कोल्हापुरात तो विचारायला कुणाला अवघड वाटू नये, कारण इथल्या जुन्या श्रोत्यांनी आयुष्यभर हेच केलेलं आहे. चीज तीच, राग तोच. पण ती मल्लिकार्जुन मन्सूर कशी मांडतात आणि केसरबाई कशी मांडतात, यावर देवल क्लब या संगीतसंस्थेच्या बाहेर उभं राहून रात्री उशिरापर्यंत वाद घालणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. सिंफनीत तर चीजच काय, शेवटचा सूरही कागदावर लिहिलेला असतो. मग कंडक्टरच्या हातात उरतं काय? लय उरते. थांबायचं किती, हे उरतं. व्हायोलिनं किती घ्यायची, टिंपनीवर, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्यांवर, काठी कापडाची की लाकडाची, कुणाचा आवाज कुणाच्या वर न्यायचा, हे सगळं उरतं. एवढ्यावर दोन वादनं एकमेकांना ओळख देणार नाहीत इतकी वेगळी होतात.

निवडताना बहुतेक जण सुरुवातीचे ते चार सूर ऐकतात आणि ठरवून टाकतात. माझं म्हणणं असं, की तिथे काहीच कळत नाही. चार सूर जोरात वाजवणं कुठल्याही चांगल्या ऑर्केस्ट्राला जमतं. पाचवीची खरी परीक्षा तिसऱ्या भागाच्या शेवटी आहे.

तिथे काय होतं ते नीट सांगतो. तिसरा भाग सगळा सावलीतला आहे. त्याच्या अखेरीला व्हायोलिनवाले गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात, आवाज मुंगीच्या पावलांचा होतो, आणि मग तोही थांबतो. तंतुवाद्यं एक लांब सूरसंगती धरून बसतात. तिच्यात कोमल धैवत आहे, त्यामुळे घर अजून अंधारातच आहे. त्या धरलेल्या सुराखाली टिंपनी एकटीच षड्जावर टकटक करत राहते, अगदी हलक्या हातानं, सुरुवातीच्या त्याच तीन आखूड आणि एका लांब ठोक्याच्या चालीत. वर पहिली व्हायोलिनं चाचपडत एकेक पायरी चढतात, परत खाली येतात, पुन्हा चढतात. बराच वेळ आवाज वाढत नाही. बीथोव्हेननं तो वाढू दिलेला नाही. अगदी शेवटच्या काही बारमध्येच (बार म्हणजे मात्रांचा एक गट) वाढवायची परवानगी आहे. आणि मग मध्ये श्वासाचीही जागा न ठेवता चौथा भाग फुटतो: सा, ग, प. हा गंधार शुद्ध आहे. इतका वेळ कोपऱ्यात बसून राहिलेले तीन ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबसून या क्षणी पहिल्यांदा वाजतात.

हा शुद्ध गंधार आधी कधी डोकावलेलाच नसतो असं नाही. दुसऱ्या भागात, त्या शांत चालीच्या मधोमध, तुताऱ्या अचानक सी मेजरमध्ये उठतात आणि वाटतं, उजाडलं. पण ते टिकत नाही, सूर विरून जातात आणि मूळ चाल पुन्हा सुरू होते. तिसऱ्या भागाच्या मध्यावर डबल बेस धडधडत येतात तेव्हाही गंधार शुद्धच असतो, आणि तोही हातातून जातो. म्हणून तर शेवटचं येणं एवढं मोठं आहे. मी ध्वनिमुद्रण निवडतो ते या एका जागेवरून: टिंपनीची टकटक चालू असताना कंडक्टर वाट कशी पाहतो, आणि शुद्ध गंधार लागतो तेव्हा तो कमावलेला वाटतो का.

आता लयीबद्दल, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिच्यावरच आहेत. मेल्झेलचा मेट्रोनोम, म्हणजे लय मोजून देणारं यंत्र, आला आणि 1817 मध्ये बीथोव्हेननं आपल्या तोवरच्या आठही सिंफन्यांना लयीचे आकडे जाहीर करून टाकले. पाचवीच्या पहिल्या भागाचा आकडा आहे 108, म्हणजे मिनिटाला 108 बार. या भागात 502 बार आहेत आणि पहिले 124 पुन्हा वाजवायचे आहेत. हिशेब मांडला तर सहा मिनिटांच्या आतच भाग संपतो, त्यात मधल्या थांब्यांची भर पडेल तेवढीच. ही लय धडकी भरवणारी आहे. विसाव्या शतकातल्या कितीतरी मोठ्या कंडक्टरांनी ती मानलीच नाही. कुणी म्हणालं मेट्रोनोम बिघडलेला असणार, कुणी म्हणालं बहिऱ्या माणसानं मनातल्या मनात मोजलेली लय प्रत्यक्षात चालत नाही. मला हे दोन्ही पटत नाही. आठ-आठ सिंफन्यांचे आकडे माणूस विचार करूनच देतो. पण आकडा पाळला म्हणून वादन चांगलं झालं असंही होत नाही. द्रुत लयीत दाणा स्वच्छ असेल तरच द्रुत. नाहीतर ती नुसती धावपळ.

धावपळ न होता धावणारा पहिला मोठा माणूस तोस्कानिनी. न्यूयॉर्कच्या एनबीसी ऑर्केस्ट्राबरोबर 1939 मध्ये त्यानं केलेलं मुद्रण ऐका. ते झालं स्टुडिओ 8-एचमध्ये, जिथे आवाजाला घुमारा म्हणून नाही. सगळं कोरडं, भाजून काढल्यासारखं. भिंतीमागे लपायला जागाच नसल्यामुळे प्रत्येक वाद्य उघडं पडतं, आणि तरी एकही सूर सैल नाही. त्याच्याही आधी, 1913 मध्ये, आर्थर निकिशनं बर्लिन फिलहार्मोनिकला मुद्रणयंत्राच्या भोंग्यासमोर बसवून अख्खी सिंफनी मुद्रित केली होती. तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांची, तीही तुकड्यातुकड्यानं भरलेली. कुतूहल म्हणून एकदा ऐकावं असं ते आहे. पण परीक्षेची ती जागा, ते हलकं टिंपनी, भोंग्यानं कुठून पकडावं?

दुसऱ्या टोकाला ओट्टो क्लेम्परर. लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबरचं त्याचं वादन संथ आहे, कमालीचं संथ, आणि पहिल्यांदा ऐकणारा वैतागतो. मी म्हणेन, थोडं थांबा. त्या लयीत लाकडी सुषिर वाद्यं जितकी स्वच्छ ऐकू येतात तितकी फार थोड्या ठिकाणी येतात. पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनांना तो डाव्या-उजव्या बाजूला समोरासमोर बसवतो, त्यामुळे शेवटच्या भागातली देवाणघेवाण दोन्ही कानांत खेळते. त्याची चाल विलंबितातल्या पक्क्या गवयासारखी आहे. मात्रा लांब, पण दोन मात्रांच्या मध्ये पोकळी नाही.

क्लेम्पररच्या या पाचवीला आपल्या गावाशी जोडणारा एक धागा आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 1977 मध्ये नासानं व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. पृथ्वीवरचं संगीत म्हणून निवडलेल्या थोड्याशा गोष्टींत पाचवीचा पहिला भाग आहे, आणि तो क्लेम्पररचा आहे. त्याच तबकडीवर हिंदुस्थानी संगीताचं म्हणून एकच मुद्रण आहे: केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापूरचे दरबारी गवई होते, महाराज 1922 मध्ये जाईपर्यंत इथेच राहिले, अंबाबाईच्या देवळात गायले. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी ज्या गावात रुजली, त्या गावचा वारसा आणि बीथोव्हेनची पाचवी एकाच तबकडीवर ताऱ्यांमधल्या अवकाशात निघून गेली आहेत. व्हॉयेजर 1 नं उड्डाण केलं 5 सप्टेंबरला. केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या 16 तारखेला. ज्यांनी ही निवड केली त्यांनी बीथोव्हेनची सगळ्यात वेगवान पाचवी न घेता सगळ्यात ठाम पावलांची घेतली, हे मला बरोबर वाटतं. इतक्या लांबच्या प्रवासाला तीच शोभते.

रोजच्या ऐकण्याला मात्र मी क्लेम्परर घेत नाही. टिंपनीची ती जागा त्याच्याकडे भव्य आहे, पण त्यात शंका नाही. पुढे उजाडणारच हे त्याला आधीपासून ठाऊक आहे.

शंका ऐकायची असेल तर मे 1947 चं बर्लिन ऐकावं लागतं. विल्हेल्म फुर्टव्हेंगलर नाझी राजवटीत जर्मनीतच राहिला, तिथेच कार्यक्रम करत राहिला. युद्धानंतर चौकशी झाली आणि ती संपेपर्यंत त्याला व्यासपीठ बंद होतं. बर्लिन फिलहार्मोनिकचं स्वतःचं सभागृह बाँबहल्ल्यात 1944 मध्येच गेलेलं. अशा मोडलेल्या शहरात तो आपल्या ऑर्केस्ट्रासमोर परत उभा राहिला तो याच मैफिलींत, आणि कार्यक्रम सगळा बीथोव्हेनचा होता. या वादनात सुरुवातीचा ठोका एकत्र पडत नाही, तो कोसळतो. लय कागदावरच्या आकड्याला अजिबात धरून नाही, ती ढगासारखी जमत आणि विरत राहते. टिंपनीच्या जागेवर तर सगळं इतकं मागे खेचलं जातं की पुढचा ठोका पडेल याची खात्री वाटत नाही. आणि शेवटच्या पानांवर तो असा सुटतो की वादकांची बोटं तुटतील की काय असं होतं. श्रोते खोकतात, मोनो मुद्रण मधूनच फाटतं. मला त्याचं काही वाटत नाही. त्या माणसानं बारा वर्षं त्या राजवटीत काय केलं आणि काय करायला हवं होतं, हा प्रश्न या वादनानं सुटत नाही आणि सुटूही नये. पण त्या शुद्ध गंधारात विजयाचा उन्माद नाही, एवढं मी ऐकून सांगू शकतो. तिथे माणसं अजून जिवंत आहेत याचंच आश्चर्य जास्त आहे.

मग 1974 चं व्हिएन्ना. कार्लोस क्लायबर, व्हिएन्ना फिलहार्मोनिक. हा माणूस फार थोडं वाजवायचा, त्याहून थोडं मुद्रित करू द्यायचा. त्याचे वडील एरिश क्लायबर यांनीही आम्स्टरडॅमच्या कन्सर्टगेबाउ ऑर्केस्ट्राबरोबर 1953 मध्ये हीच सिंफनी मुद्रित करून ठेवली होती, आणि ती आजही तोडीस तोड आहे. बापाचं इतकं चांगलं मुद्रण समोर असताना मुलानं तीच चीज गायला घेणं म्हणजे काय, हे घराण्यांच्या गावात वेगळं समजावून सांगायला नको.

मुलगा सुरुवातीपासून लयीत उभा आहे. वेग आहे, पण अंगावर येणारा नाही. पहिल्या भागाच्या मध्ये, सगळं ऑर्केस्ट्रा थांबतं आणि एकटी ओबो, सनईच्या जातीचं लाकडी वाद्य, काही क्षण मोकळी आलापी करते, ती जागा त्याच्याकडे ऐका. त्या बाईला कुणी घाई करत नाही आणि ती रेंगाळतही नाही. (ओबो मला कायम बाईच वाटत आली आहे.) आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी, जिथे फुर्टव्हेंगलर लय सोडून देतो, तिथे क्लायबर ती अजिबात हलू देत नाही. उधळू पाहणाऱ्या खोंडाचा कासरा हातात घट्ट धरून ठेवावा, तसा तो पूर्ण ऑर्केस्ट्रा धरून ठेवतो. टिंपनी तितकीच हलकी, व्हायोलिनं तितकीच चाचपडत, पण मात्रा पक्की. त्यामुळे ताण बाहेर न जाता आत साठतो. शेवटच्या बारमध्ये आवाज वाढायला लागतो तेव्हा तो कुठून येतोय हे कळत नाही, आणि मग म्युझिकफेराइनच्या त्या दालनात ट्रॉम्बोन उघडतात. शुद्ध गंधार इथे खरोखर कमावलेला आहे. सगळी सिंफनी साधारण 33 मिनिटांत होते आणि संपल्यावर वाटतं, याहून लांब असायचं कारणच नव्हतं.

तरीही एवढ्यावर थांबता येत नाही, कारण 1980 नंतर सगळा खेळ पालटला. रॉजर नॉरिंग्टन, जॉन एलियट गार्डिनर अशांनी बीथोव्हेनच्या काळातली वाद्यं हाती घेतली. आतड्याच्या तारा, पडदे नसलेले हॉर्न, लहान टिंपनी आणि कडक काठ्या. पट्टीही आजच्यापेक्षा थोडी खालची. आणि लय बीथोव्हेननं दिलेल्या आकड्याच्या जवळ. गार्डिनरचा नऊ सिंफन्यांचा संच 1994 मध्ये आला. तो लावल्यावर पहिल्यांदा जाणवते ती पारदर्शकता. मोठ्या ऑर्केस्ट्रात जो व्हायोलिनांचा समुद्र असतो तो इथे नाही, त्यामुळे वेगातही प्रत्येक दाणा मोजता येतो.

याच मुद्रणांनी एक जुना वाद उकरून काढला आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पहिल्या भागात दुसरी चाल सुरू व्हायच्या आधी हॉर्न एक हाक देतात. भागाच्या उत्तरार्धात तीच हाक परत येते, पण वेगळ्या स्वरात, आणि तिथे बीथोव्हेननं ती 'बसून' या खर्जातल्या लाकडी सुषिर वाद्यांना दिली आहे. कारण उघड आहे. त्याच्या काळच्या हॉर्नला पडदे नव्हते, नैसर्गिक सुरांपलीकडे ते नीट वाजत नसत आणि दुसऱ्या नळ्या जोडायला वेळ नव्हता. पुढे पडद्यांचे हॉर्न आले तेव्हा कितीतरी कंडक्टरांनी ती हाक हॉर्नना परत दिली. बीथोव्हेन असता तर त्यानंही हेच केलं असतं, असं त्यांचं म्हणणं. आधुनिक ऑर्केस्ट्रात दोन बसून केविलवाणे वाटतात हे खरंच. पण आतड्याच्या तारांच्या छोट्या ऑर्केस्ट्रात तेच बसून खरखरीत, रांगडे, ठसठशीत लागतात. मी बसूनच्या बाजूचा आहे. अडचणीतून निघालेला आवाज असला तरी तो त्या माणसानं ऐकून पसंत केलेला आवाज आहे.

अडचणीचं तर या सिंफनीला जन्मापासून वावडं नाही. 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नाच्या थिएटर आन डेअर वीनमध्ये ती पहिल्यांदा वाजली ती चार तासांच्या कार्यक्रमात, गारठलेल्या सभागृहात, अपुऱ्या तालमीवर. त्याच रात्री सहावी सिंफनी आणि चौथा पियानो कन्चेर्टोही होता, आणि शेवटची रचना तर मध्येच कोसळल्यानं पुन्हा सुरू करावी लागली. म्हणजे पाचवीचं आदर्श वादन असं पहिल्या दिवशीही कुणी ऐकलेलं नाही.

ऐकण्याबद्दल दोन गोष्टी, कारण चांगली निवड वाईट ऐकण्यानं वाया जाते. मोबाईलवरच्या काही ॲपमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मध्ये क्षणभराची फट पडते, फुकटच्या योजनेत तर तिथेच जाहिरात लागते. बीथोव्हेननं जिथे श्वास घ्यायलाही जागा ठेवलेली नाही, नेमकं तिथे. सलग वाजवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती आधी शोधून चालू करा. नसेल तर अख्खी सिंफनी एकाच तुकड्यात असलेलं मुद्रण निवडा. दुसरं, टिंपनीची ती जागा मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर पंखा चालू असताना ऐकूच येत नाही. आवाज वाढवून ऐकायला गेलं की चौथ्या भागाच्या पहिल्या ठोक्याला शेजारी खिडकी उघडतात. म्हणून पंखा बंद करायचा, आवाज तेवढाच ठेवायचा, रात्री दहानंतर बसायचं. मार्च-एप्रिलमध्ये घामाघूम व्हायला होतं, पण अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. रंकाळ्यावर फिरताना कानात घालून ऐकायची ही चीज नव्हे.

नाव शोधताना नुसतं 'बीथोव्हेन पाचवी' टाकलं तर कुठलंही काहीही समोर येतं. कंडक्टरचं नाव, ऑर्केस्ट्रा आणि साल, तिन्ही टाकायचं; फुर्टव्हेंगलरच्या बाबतीत तर सालाशिवाय गत्यंतरच नाही, कारण त्याची 1943 ची पाचवी वेगळी, 1947 ची वेगळी आणि 1954 ची व्हिएन्नातली आणखी वेगळी. भाचीला मी आधी क्लायबरचं 1974 लावून दिलं. ते पाठ झाल्यावर गार्डिनर लाव म्हणून सांगितलं, म्हणजे बसूनची हाक आपोआप कळेल. फुर्टव्हेंगलर त्यानंतर. लय सोडून देण्यात काय धोका असतो आणि काय हाती लागतं, हे कळायला आधी ती लय अंगात पक्की बसलेली असावी लागते.